उलटलेली बोट आणि फर्ज-ए-किफाया

फर्ज-ए-किफाया हा शब्द आपल्या कानावर बहुतेकदा जनाज्याच्या वेळीच पडतो. मोहल्ल्यात मय्यत झाली, चार माणसं पुढं आली, गुस्ल दिलं, नमाज झाली, दफन झालं, की बाकीच्यांच्या डोक्यावरचा भार उतरतो. कुणीच पुढं आलं नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार ठरते. एवढ्यावर आपली समज थांबते. खरं तर या कल्पनेचा पसारा मोठा आहे. इमाम गजालींनी वैद्यकी आणि हिशोबाचं ज्ञानही त्यात धरलं होतं, कारण वस्तीत एकही वैद्य नसेल तर माणसं मरतील. बुडणाऱ्याला वाचवणं हे तर फिकहमधलं नेहमीचं उदाहरण. त्यासाठी चालू नमाज तोडावी, असं आपले फुकहा सांगत आले.

पण बुडणाऱ्याला वाचवायचं कसं? हात पुढं करून होण्यासारखं असेल तर प्रश्न नाही. किनाऱ्यापासून दहा मैलांवर, रात्री, वादळात जहाज बुडत असेल तर नुसती नियत काय कामाची? तिथं बोट लागते. ती ठेवायला शेड लागते, पाण्यात सोडायला उतरता धक्का लागतो, इंजिन सांभाळणारा माणूस लागतो, पैसा लागतो, आणि हाक आली की ताटावरून उठणारी माणसं लागतात. फर्ज-ए-किफाया अशा वेळी उपदेशाची गोष्ट राहत नाही, व्यवस्थेची होते. ही व्यवस्था एका छोट्याशा बेटानं दीडशे वर्षं कशी चालवली, त्यात काय गमावलं आणि गमावल्यावर काय केलं, याबद्दल मला लिहायचं आहे.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला ऑर्कनी बेटं आहेत. मुख्य भूमी आणि ही बेटं यांच्यामध्ये पेंटलंड फर्थ नावाची सामुद्रधुनी आहे. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र, आणि भरती-ओहोटीच्या वेळी या दोघांचं पाणी त्या चिंचोळ्या वाटेनं धावतं. जगातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांत त्याची गणना होते. काही ठिकाणी पाण्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर जातो. वारा प्रवाहाच्या उलट दिशेनं सुटला की लाटा उभ्या भिंतीसारख्या उठतात. आपल्याकडं खाडीच्या मुखाशी बोट घालणाऱ्याला हा प्रकार लहान प्रमाणात ठाऊक असतो. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असताना समोरून वारा आला, की तांडेल थांबून घेतो. पेंटलंड फर्थमध्ये थांबून घ्यायला जागा नाही, आणि जहाजांची वर्दळ मात्र कायमची.

या सामुद्रधुनीच्या काठावर हॉय नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिणेला ब्रिम्स इथं १८७४ साली लाँगहोप लाईफबोट स्टेशन सुरू झालं. आधी वल्ह्यांच्या आणि शिडाच्या बोटी होत्या. १९०६ मध्ये 'ॲन माइल्स' ही बोट आली, त्याच सुमारास तिथं शेड आणि उतरता धक्का बांधला गेला. आपण बसून वाचतो तेव्हा 'वल्ह्यांची बोट' हे शब्द सहज डोळ्यांखालून जातात. पण ज्या समुद्रात वाफेची जहाजं हरतात त्या समुद्रात डझनभर माणसं हाताच्या जोरावर निघायची, हे जरा थांबून डोळ्यांसमोर आणावं. १९२६ साली पहिली इंजिनाची बोट आली. तिचं नाव 'के.टी.जे.एस.'. १९३३ मध्ये तिच्या जागी 'थॉमस मॅककन' आली आणि पुढं २९ वर्षं राहिली. या एका बोटीनं तीनशेहून अधिक जीव वाचवले. सगळं दुसरं महायुद्ध त्यात आलं. शेजारीच स्कापा फ्लो हा ब्रिटिश आरमाराचा तळ होता, तेव्हा कामाला काय तोटा? आणि १९६२ मध्ये आली 'टी.जी.बी.'.

टी.जी.बी. ४७ फूट लांबीची, वॉटसन पद्धतीची बोट होती. ही पद्धत कुठून आली हे इथं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एकोणिसाव्या शतकात बऱ्याचशा लाईफबोटी अशा बनवलेल्या असत, की उलटल्या तर आपोआप सुलट्या व्हाव्यात. ऐकायला हे आदर्श वाटतं. पण त्यासाठी बोट अरुंद ठेवावी लागे, आणि अरुंद बोट मुळात उलटायचीच लवकर. समुद्रावर आयुष्य काढलेल्या कित्येकांचा या बोटींवर विश्वास नव्हता. डिसेंबर १८८६ मध्ये इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर 'मेक्सिको' नावाच्या जहाजाच्या मदतीला गेलेल्या दोन लाईफबोटी उलटल्या आणि २७ बचावकर्ते एका रात्रीत गेले. दोन्ही बोटी स्वतः सुलट्या होणाऱ्या जातीच्या होत्या. त्यानंतर जॉर्ज लेनॉक्स वॉटसन या स्कॉटिश जहाजरचनाकाराला सल्लागार नेमलं गेलं. त्यानं उलटा विचार केला. बोट रुंद आणि भक्कम करा, उलटणारच नाही अशी करा, म्हणजे सुलटी होण्याचा प्रश्नच येणार नाही. खलाशांना हे पटलं. ऐंशी वर्षं हा हिशोब बहुतेक वेळा बरोबर ठरला.

बहुतेक वेळा.

टी.जी.बी.चे तांडेल डॅन कर्कपॅट्रिक. तिकडं त्या पदाला कॉक्सवेन म्हणतात, पण तांडेल हा आपला शब्द मला जास्त जवळचा वाटतो. हुकूम देणारा, सुकाणू सांभाळणारा आणि सगळ्यांच्या जिवाची जबाबदारी घेणारा माणूस. डॅन यांना या संस्थेचं रौप्यपदक तीनदा मिळालं होतं. १९५९ मध्ये 'स्ट्रॅथको' या मासेमारी जहाजासाठी, १९६४ मध्ये 'बेन बारवस'साठी आणि १९६८ मध्ये 'रॉस प्यूमा'साठी. रॉस प्यूमा हॉयच्या कड्यांखाली खडकावर चढलं होतं. त्यावरच्या पंधराच्या पंधरा माणसांना टी.जी.बी.नं उचललं. म्हणजे हा माणूस नवखा नव्हता आणि अविचारीही नव्हता. त्या पाण्यातला प्रत्येक भोवरा त्याला माहीत होता.

१७ मार्च १९६९, सोमवार. 'आयरीन' नावाचं मालवाहू जहाज वादळात सापडलं. जहाज लायबेरियाच्या झेंड्याखालचं, माणसं बहुतेक ग्रीक. इंधन संपत आलेलं, जहाज काबूत नाही, आणि आग्नेयेकडून येणारा वारा ते ऑर्कनीच्या किनाऱ्याकडं ढकलतोय. रात्री आठच्या सुमारास टी.जी.बी. ब्रिम्सच्या धक्क्यावरून पाण्यात उतरली. बोटीत आठ माणसं. डॅन आणि त्यांची दोन मुलं. इंजिन सांभाळणारे रॉबर्ट जॉन्स्टन आणि त्यांची दोन मुलं. शिवाय जेम्स स्वॉन्सन आणि एरिक मॅकफेडन. साडेनऊच्या सुमारास पेंटलंड स्केरीज बेटावरच्या दीपगृहातून तिचा दिवा दिसला. त्यानंतर काही नाही. हाकेला उत्तर नाही.

आयरीन साउथ रोनाल्डसे बेटाच्या किनाऱ्यावर जाऊन आदळलं. तिथं किनाऱ्यावरच्या बचावपथकानं जहाजावर दोर टाकला आणि त्या दोरावरून एकेकाला पाळण्यातून ओढून घेतलं. सतराही जण वाचले. ज्यांच्यासाठी बोट निघाली ते सगळे जिवंत, आणि बोटीचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शोधायला निघालेल्या थर्सोच्या लाईफबोटीला टी.जी.बी. तरंगताना सापडली, पालथी. ती ओढून स्क्रॅब्स्टर बंदरात आणली. आत सात जणांचे देह होते. जेम्स स्वॉन्सन कधीच सापडले नाहीत.

दोन घरांतले सहा पुरुष. ज्या गावात सगळे एकमेकांना नावानं ओळखतात, तिथं याचा अर्थ काय होतो हे कोकणातल्या किंवा कुठल्याही लहान गावातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. अशा वेळी माणसं दोन गोष्टी करू शकतात, आणि आपण बहुधा एकच करतो. मेलेल्यांना शहीद म्हणतो. ते चुकीचं नाही. बुडून मेलेल्याला शहादतचा दर्जा आहे हे आपल्या धर्मानं सांगितलेलंच आहे, आणि हे आठ जण दुसऱ्यांना वाचवायला गेले होते. पण शहीद हा शब्द उच्चारला की आपल्याकडं पुढची सगळी चौकशी थांबते. पूल पडला, भिंत कोसळली, इस्पितळात आग लागली, गटारात उतरलेला कामगार गुदमरून गेला, की 'अल्लाह की मर्जी' म्हणायचं, दुआ मागायची, हार घालायचे. कुणी विचारलं की दोर का नव्हता, दरवाजा का बंद होता, तर विचारणारा बेअदब ठरतो. जणू मेलेल्याची इज्जत राखायची म्हणजे त्याला मारणाऱ्या वस्तूचीही इज्जत राखायची. हे फक्त मुसलमानांत आहे असं मी म्हणत नाही. 'दैवाची इच्छा' आणि 'वीरमरण' हे शब्दही तेच काम करतात. पण मी आपल्या घराबद्दल बोलतोय.

लाँगहोपमध्ये इज्जत आणि चौकशी या दोन्ही गोष्टी झाल्या. ऑस्मंडवॉलच्या कबरस्तानात मृतांना शेजारी शेजारी दफन केलं गेलं. उत्तर रोनाल्डसे बेटावरचे शिल्पकार इयन स्कॉट यांनी समुद्राकडं बघणाऱ्या बचावकर्त्याचा पुतळा घडवला. १९७० मध्ये राणीच्या आईनं त्याचं अनावरण केलं. कुटुंबांसाठी निधी उभा राहिला. हा झाला शोक. त्याच वेळी दुसरा प्रश्नही टळला नाही. अनुभवी तांडेल, सांभाळलेली बोट, तरी एक लाट आली आणि बोट पालथी झाली. ती पालथीच राहिली. पुन्हा सुलटी झाली असती तर?

हा प्रश्न पहिल्यांदा आला होता असंही नाही. १९५९ मध्ये ब्रॉटी फेरीची 'मोना' उलटून आठ जण गेले होते. १९६२ मध्ये सीहॅमची 'जॉर्ज एल्मी' बंदराच्या तोंडाशी उलटली, पाच बचावकर्ते आणि नुकतेच वाचवलेल्यांपैकी चौघे बुडाले. टी.जी.बी.नंतर जेमतेम दहा महिन्यांनी, जानेवारी १९७० मध्ये, फ्रेझरबरोची 'डचेस ऑफ केंट' उलटली आणि सहापैकी पाच जण गेले. इथं संस्थेचं कौतुक हात राखूनच करायला हवं. लाँगहोपच्या आधीच जागं व्हायला हवं होतं असं मला वाटतं. ऐंशी वर्षं बरोबर ठरलेला हिशोब सोडवत नाही, हा मानवी स्वभाव आहे, पण स्वभावाची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरलेली असते.

शेवटी निर्णय झाला. यापुढं बांधली जाणारी प्रत्येक लाईफबोट उलटली तरी सुलटी होणारी असेल. आणि यावेळी त्यासाठी बोट अरुंद करावी लागली नाही. युक्ती साधी आहे. बोटीवरची केबिन पूर्ण हवाबंद करायची. बोट पालथी झाली की केबिनमधली हवा पाण्याखाली दबते आणि बोटीला वर ढकलते. खाली जड इंजिन आणि तळ असतो, तो खाली जाऊ पाहतो. दोन्ही मिळून बोट काही सेकंदांत उभी करतात. १८८६ साली ज्या दोन गोष्टी एकत्र जमत नव्हत्या, त्या आता जमल्या. १९७० मध्ये लाँगहोपला 'डेव्हिड अँड एलिझाबेथ किंग अँड ई.बी.' ही अशीच बोट मिळाली.

उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण वाजमध्ये शंभरदा ऐकतो. तिचा अर्थ मला या हवाबंद केबिनमध्ये जास्त स्पष्ट दिसला. उंट बांधणं म्हणजे एकदा गाठ मारून मोकळं होणं नव्हे. गाठ सुटली तर ती का सुटली हे पाहून दुसरी गाठ शोधणं हाही तवक्कुलचाच भाग आहे. जुन्या बोटी मात्र लगेच निघाल्या नाहीत, पैसा आणि वेळ दोन्ही कमी होतं. डिसेंबर १९८१ मध्ये कॉर्नवॉलच्या पेन्लीची 'सॉलोमन ब्राउन' ही त्याच ४७ फुटी वॉटसन जातीची बोट आठ बचावकर्त्यांसह गेली. त्या रात्री तिच्या तांडेलनं एका तरुणाला बोटीत घेतलं नाही, कारण त्याचे वडील आधीच बोटीत होते. एका घरातले दोघं अशा रात्री नकोत. लाँगहोपची आठवण त्यामागं होती की नव्हती, ते तांडेलच जाणे. तो तरुण जगला.

आता थोडं पैशाबद्दल. ही सगळी व्यवस्था सरकारची नाही. १८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकारानं ही संस्था उभी राहिली. तेही एका बेटावर, आइल ऑफ मॅनवर राहायचे. पोहता येत नसताना, वयाच्या साठीला टेकलेले असताना ते स्वतः बोटीत बसून गेले आणि बरगड्या मोडून परत आले. तेव्हापासून संस्था चालते ती देणग्यांवर आणि मृत्युपत्रांवर, बोटीवरची बहुतेक माणसं बिनपगारी. दोनशे वर्षांत सुमारे १ लाख ४६ हजार जीव वाचल्याचा त्यांचा हिशोब आहे. आपल्या भाषेत ही सदका-ए-जारिया झाली. मेलेल्या माणसाच्या पैशातून बोट बनते आणि त्याच्या पश्चात ती तीस वर्षं माणसं उचलत राहते. बोटींना देणाऱ्यांची नावं देतात, म्हणून ती अशी लांबलचक. पण के.टी.जे.एस. आणि टी.जी.बी. पाहा, नुसती आद्याक्षरं. आपल्या मशिदीतल्या पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं, त्याच्या वडिलांचं आणि गावाचं नाव लाल रंगात रंगवलेलं असतं, पंखा फिरायला लागेपर्यंत वाचता येतं. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती याला, की आपली देणगी पंख्यापाशीच थांबते. वक्फच्या जमिनी आहेत, जकातचा पैसा आहे, पण वस्तीतली रुग्णवाहिका चालवायला ड्रायव्हर रात्री कोण, टायर कधी बदलले, याची वही कोण ठेवतो? बोट विकत घेणं सोपं असतं. ती दीडशे वर्षं रोज तयार ठेवणं हे फर्ज.

हिलरींनी संस्थेसाठी लोकांना साद घातली तेव्हाच एक अट लिहून ठेवली होती. बुडणारा कुठल्या देशाचा, देशाशी युद्ध चालू आहे की शांतता, हे पाहायचं नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर रत्नागिरीकडच्या मुसलमान वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी गेले. इंजिनाजवळ कोळसा ओढणाऱ्या त्या माणसांनाही ती अट लागू होती. आयरीनवरचे ग्रीक वाचावेत म्हणून ऑर्कनीतले आठ जण गेले, तेही याच अटीपोटी. २०२१ च्या उन्हाळ्यात ही अट पुन्हा कसोटीला लागली. इंग्लिश खाडीतून रबरी होड्यांमधून येणाऱ्या निर्वासितांना लाईफबोटी वाचवतात, त्यांत अफगाण, कुर्द, इराणी, सीरियन बरेच, म्हणून तिथल्या काही राजकारण्यांनी संस्थेला घुसखोरांची टॅक्सी म्हणून हिणवलं. संस्थेनं वाद घातला नाही. आम्ही बुडणाऱ्याला काढतो, कागदपत्रं तपासत नाही, एवढंच सांगितलं. त्या आठवड्यात एकाच दिवशी लोकांनी दोन लाख पौंडांहून अधिक देणगी दिली, एरवी दिवसाला सहा-सात हजार यायचे. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला त्याच खाडीत एक होडी बुडून किमान २७ जण मेले.

ही हकीकत सांगताना 'बघा, त्यांनी आपल्या लोकांना वाचवलं' असा सूर मला लावायचा नाही. आपले लोक, त्यांचे लोक ही मोजणीच त्या बोटीत नसते. आपण उद्या कुठली बोट काढली, तर तिच्यातही ती नसावी.

लाँगहोपचं पुढं काय झालं? आठ माणसं गेल्यावर स्टेशन बंद झालं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. उरलेल्यांतून नवे लोक पुढं आले आणि स्टेशन चालू राहिलं. डॅन यांचा नातू, ज्याचे वडील, काका आणि आजोबा त्या एका रात्रीत गेले, तो मोठा होऊन त्याच स्टेशनचा तांडेल झाला. १९९९ पासून बोट ब्रिम्सच्या शेडमध्ये नसते, लाँगहोपच्या धक्क्याला पाण्यातच उभी असते. २००६ पासून 'हेलन कॉम्री' तिथं आहे. ब्रिम्सची जुनी शेड आता संग्रहालय आहे आणि तिथं थॉमस मॅककन परत आणून ठेवली आहे.

आणि टी.जी.बी.? ती मोडीत काढली नाही. दुरुस्त केली, आणि १९७० मध्ये आयर्लंडच्या अ‍ॅरनमोर बेटावर पाठवली. त्या बेटाला लाँगहोपची जुनी बोट काही नवी नव्हती. के.टी.जे.एस. शेवटी तिथंच होती, आणि डिसेंबर १९४० मध्ये तिच्याच जोरावर अ‍ॅरनमोरच्या आठ माणसांनी 'स्टोलवाइक' या डच जहाजावरचे अठरा खलाशी वाचवले होते. सगळ्या बेटाला माहीत होतं की टी.जी.बी.त काय झालं होतं. ती अजूनही स्वतः सुलटी होणाऱ्या जातीची नव्हती. तरी १९७८ पर्यंत, आठ वर्षं, हाक आली की अ‍ॅरनमोरची माणसं तिच्यात चढत होती. आज ती स्कॉटलंडमध्ये अर्व्हिन इथल्या सागरी संग्रहालयात आहे.